अर्धा लिटर पाणी

तेहतीस वर्षं मी पगार घेतला तो पाणी मोजून घालण्याचा. हुद्दा प्रयोगशाळा परिचर. जुन्नर तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयाची रसायनाची प्रयोगशाळा माझ्या ताब्यात होती. कॉलेजचं नाव देत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात कॉलेजचा दोष नाही. मुलं मला मामा म्हणत. कॉलेजातल्या प्रत्येक शिपायाला मुलं मामाच म्हणतात, तेव्हा त्यात काही खास जिव्हाळा होता असं समजू नये.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे ‘प्रयोगशाळेतल्या गमती’ मागितल्या. गमती आहेत. तीनदा लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा एकाच जागी अडलो. म्हणून आधी दोन गमती सांगतो आणि मग ती जागा.

ज्यांचा रसायनाशी संबंध दहावीत सुटला त्यांच्यासाठी धंद्याची ओळख करून देतो. प्रयोगशाळेत कडक द्रावण बाटलीत भरून ठेवलेलं असतं. लागेल तसं त्यातलं थोडं घेऊन त्यात पाणी घालायचं आणि पाहिजे तेवढं पातळ करायचं. घरच्या बायकांना हे मी शिकवायची गरज नाही. मासवडी चार माणसांची केली आणि पाहुणे सहा आले, तर रश्श्यात पाणी जातं. मीठ तेवढंच राहतं, रस्सा वाढतो, चव उतरते. आता मूळ रस्सा किती होता, पाणी किती घातलं आणि चव किती उतरली, या तिन्हींतल्या दोन गोष्टी माहीत असल्या तर तिसरी काढता येते. आधीची तीव्रता गुणिले आधीचं माप बरोबर नंतरची तीव्रता गुणिले नंतरचं माप. एवढं एक गणित मला येत होतं आणि तेवढ्यावर मी निवृत्त झालो.

हे गणित येतं म्हणून गावात मला मान होता. मी निमगाव सावाचा. आमच्याकडचा एक द्राक्षवाला घडांच्या फवारणीची पावडर घेऊन थेट कॉलेजात आला. पुडी ग्रॅमची आणि चिठ्ठीवर लिहिलेलं, दहा पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत दहा. मी सांगितलं, एक ग्रॅमला शंभर लिटर पाणी.

तो म्हणाला, “मामा, थट्टा करताय का राव? चिमूटभर औषधाला शंभर लिटर? मग औषध राहिलं कुठं?”

“आहे तिथंच आहे. पातळ झालंय.”

“दिसत न्हाई.”

“दिसत नसलं तरी जात नाही.”

तो बराच वेळ पुडीकडे बघत बसला. घरी जाऊन त्याने पाणी निम्मंच घातलं असावं, कारण पुढच्या महिन्यात त्याचे घड बघून मी विषय काढला नाही.

दुसरा एक दूधवाला होता. त्याला विचारायचं होतं की पाच लिटर दुधात किती पाणी घातलं तर डेअरीतल्या काट्याला कळत नाही. मी म्हटलं, हा सरकारी प्रयोगशाळेचा विषय नाही. तो म्हणाला, “मामा, गणित म्हणून सांगा की. घालणार न्हाई.” गणित म्हणून सांगितलं. त्याच्या म्हशी त्यानंतर जास्त दूध देऊ लागल्या.

आता ती जागा.

बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरगावाहून परीक्षक येतात. त्या दिवशी आमच्याकडे दोन चाली होत्या. पहिली, पाहुण्या परीक्षकांना मासवडीचं जेवण. दुसरी चाल माझ्याकडे होती. मुलं ब्युरेट भरून घ्यायला माझ्याकडे येत. ब्युरेट म्हणजे खाली तोटी असलेली, रेघा मारलेली लांब काचेची नळी. द्रावणाचा थेंब थेंब खालच्या भांड्यात सोडायचा आणि रंग बदलला की नळीवरचा आकडा वाचायचा. त्या आकड्यावरून द्रावणाची तीव्रता काढायची. हाच प्रयोग, यालाच गुण. आकडा किती यायला पाहिजे हे आमच्या रसायनाच्या सरांनी आदल्या दिवशी स्वतः प्रयोग करून काढलेलं असे. ब्युरेट भरताना मी तो हळूच मुलांच्या कानावर घालत असे. वर बजावतही असे, “तिन्ही रीडिंग एकसारखी लिहू नका, जरा मागंपुढं करा.” यात मला कुणी काही देत नसे. निकाल लागला की पेढा मिळे. कॉलेजचा निकाल चांगला लागे आणि सगळे खूष असत. मी याला मदत समजत होतो.

त्या वर्षी वीस मुलं होती. दर मुलामागे शंभर मिलिलिटर पोटॅशियम परमँगनेट धरून मी दोन लिटर बनवून ठेवलं होतं. हे जांभळं औषध. लाळ-खुरकूत आली की बैलाचे खूर धुतात तेच. तीव्रता शून्य पूर्णांक एक. सरांचा आकडा दहा.

सकाळी ऐनवेळी पाच रिपीटर वाढले. पाच जणांचं द्रावण कमी पडणार होतं. पावडर कपाटात, कपाटाला कुलूप, चावी सरांच्या खिशात आणि सर परीक्षकांच्या मासवडीची सोय बघायला घरी गेलेले. परमँगनेट इतकं गडद असतं की पातळ केलं तरी डोळ्याला कळत नाही. मी बाटलीत अर्धा लिटर ऊर्ध्वपातित पाणी ओतलं, बूच लावलं आणि नीट हलवलं. ढवळणं मी कधी कुचराईने केलं नाही.

मग तिथेच उभ्या उभ्या तोंडी हिशेब केला. दोन लिटरचे अडीच झाले. शून्य पूर्णांक एकचं शून्य पूर्णांक शून्य आठ झालं. आकडा दहाऐवजी साडेबारा येणार. म्हणजे मी अजाणतेपणी काही केलं नाही. सर आले की सांगायचं, असं ठरवलं होतं.

सर आले ते परीक्षकांना घेऊनच. परीक्षक म्हणाले, “चला, सुरू करा.” सर त्यांच्या पाठीमागून मला डोळ्यांनी विचारत होते, सगळं ठीक ना? मी होकाराची मान हलवली.

आता मुलांना काय सांगायचं? साडेबारा सांगितलं तर सगळेच सरांच्या आकड्यापासून लांब जातात आणि चौकशी होते. दहा सांगितलं तर कुणी विचारत नाही. मी दहा सांगितलं.

चोवीस मुलांनी स्वतःच्या हाताने साडेबारापर्यंत द्रावण सोडलं आणि कागदावर दहा लिहिलं. काहींनी नऊ पूर्णांक नऊ लिहिलं, काहींनी दहा पूर्णांक एक, मी शिकवलं होतं तसं. कुणालाही आश्चर्य वाटलं नाही.

पंचविसावी वैशाली. बोरी बुद्रुकची. तिचे वडील, त्यांना घरात अण्णा म्हणत, ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीवर कामाला होते. रोज टाकीत ब्लीचिंग पावडर मोजून टाकायची, हे त्यांचं काम. त्यांच्या घरातली ती पहिली सायन्सला आलेली. ब्युरेट भरून घेताना मी हळूच “दहा” म्हटलं, तर ती म्हणाली, “सांगू नका मामा. माझं मी काढते.” मला तेव्हा थोडा रागच आला.

तिने तीनदा प्रयोग केला. साडेबारा, बारा पूर्णांक चार, साडेबारा. तेच लिहिलं.

परीक्षकांनी तिला टेबलाशी बोलावलं.

“सगळ्या बॅचचं दहा आलंय. तुझं साडेबारा कसं?”

“तेवढंच येतंय सर.”

“हात थरथरतो का?”

“नाही सर. द्रावणच पातळ आहे.”

चोवीस जण आपापल्या ब्युरेटकडे फार लक्ष देऊन बघू लागले. परीक्षक वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला बोलावून सरळ विचारलं, “मामा, द्रावण कुणी केलं?”

“मी सर.”

“पाणीबिणी जास्त गेलं नाही ना?”

“न्हाई सर.”

घाबरलो की मी गावाकडचं बोलतो. परीक्षकांना ते खरं वाटलं असावं.

वैशालीने परीक्षकांकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. मग जागेवर गेली, ब्युरेट धुतली, उलटी करून स्टँडला लावली. त्या दिवशी तेवढी एकच ब्युरेट धुतलेली सापडली. बाकीच्या चोवीस मी घासल्या.

आठवड्याने अण्णा कॉलेजात आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. प्राचार्यांना म्हणाले, “साहेब, पोरगी म्हणती औषध पातळ व्हतं. मी टाकीवर हाय, मला पाणी वाढल्यालं कळतं. पोरीला बी कळत आसंल. तेवढं बघा.”

प्राचार्यांनी मला आत बोलावून विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं. ते म्हणाले, मग लेखी द्या. मी लिहून दिलं, ‘परीक्षेसाठी तयार केलेले द्रावण योग्य तीव्रतेचे होते.’ खाली सही.

अण्णांनी तो कागद मागून घेतला. ओठ हलवत दोनदा वाचला.

“सही कुणाची?”

“माझी,” मी म्हटलं.

“तुमची का?” त्यांनी कागद जपून परत टेबलावर ठेवला. “मग बरोबर आसंल. सही कोण खोटी करतंय? पोरगी चुकली. लई तोऱ्यात व्हती, मी म्हणलंच.” त्यांनी आम्हा दोघांना हात जोडले आणि गेले.

वैशालीला फार्मसीला जायचं होतं. प्रात्यक्षिकाचे गुण गेले आणि यादीत नाव थोडक्यात राहिलं. तिने मंचरला बी.एस्सी. केलं. हे मला माहीत आहे, कारण आमची कोणती मुलं कुठे गेली त्या याद्या नोटीस बोर्डावर लावण्याचं कामही माझंच होतं.

आमच्या सरांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. ते आता नाहीत. त्यांचा यात दोष असेल तर एवढाच की ते मासवडी बघायला गेले.

त्यानंतर मी मुलांना आकडा सांगणं बंद केलं. फार पुण्य केलं असा गाजावाजा करण्यात अर्थ नाही. पुढच्या वर्षी निकाल उतरला आणि मुलांनी पेढे देणं बंद केलं, एवढंच त्याचं फळ. तोवर ती निघून गेली होती.

वैशाली अवसरी बुद्रुकला सून म्हणून गेली आणि पुढे मंचरमध्ये तिने स्वतःची माती-पाणी तपासणीची प्रयोगशाळा काढली. आमच्या भागातले बागायतदार तिच्याकडेच नमुने नेतात. मी बारा वर्षं त्या रस्त्याने जाताना एसटीच्या दुसऱ्या बाजूला बसत आलो. मुलगा म्हणायचा, बोअरचं पाणी तपासून आणा, तर मी म्हणायचो, तूच जा.

संपादकांचं तिसरं स्मरणपत्र आलं तेव्हा मुलाला म्हटलं, दे बाटली, मी जातो.

प्रयोगशाळा लहान पण टापटीप. भिंतीला स्टँड, स्टँडला ब्युरेटी, सगळ्या उलट्या. केस पिकलेली एक बाई पाण्याचा जडपणा काढत होती. तांबड्याचा निळा होतो तो प्रयोग. मान वर न करता म्हणाली, “नमुना तिथं ठेवा, नाव लिहा, गाव लिहा.”

मी नाव आणि गाव लिहिलं. तिने तिरक्या नजरेने वाचलं.

“मामा का?”

“हो.” तू म्हणावं की तुम्ही, ते मला सुधरेना. “वैशालीताई, मला काही सांगायचंय.”

“सांगा. माझे कान मोकळे आहेत, हात अडकलाय.”

मी सांगितलं. पाच रिपीटर, कुलूप, चावी, मासवडी, सगळं. ती तोटीवर बोट ठेवून थेंब सोडत होती. मी “आणि परीक्षकांनी विचारलं तेव्हा” असं म्हणालो, तर तिने हात वर केला.

“थांबा. एंड पॉइंट जाईल.”

थांबलो. दोन थेंब पडले. तांबडा गेला, निळा आला. तिने आकडा वाचला, लिहिला, तोटी बंद केली आणि मग माझ्याकडे वळली.

“अर्धा लिटर.”

“काय?”

“अर्धा लिटर पाणी घातलंत. वीस पोरं, माणशी शंभर, दोन लिटर. पाच वाढली. मी त्याच दिवशी एसटीत बसून काढलं, तिकिटाच्या मागं. साडेबारा म्हणजे पॉइंट झिरो एट. दोनाचे अडीच.” ती हसली, पण ते हसू माझ्यासाठी नव्हतं. “उत्तर लई सरळ येतंय. पॉइंट झिरो एट सेव्हन असलं काही आलं असतं, तर मला माझीच शंका आली असती.”

“मग तू... तुम्ही बोलला का नाहीत?”

“बोलले की. भर प्रयोगशाळेत बोलले. त्यांनी तुम्हाला विचारलं. तुम्ही न्हाई म्हणालात.”

ती ब्युरेट धुवायला लागली.

“गुणांचं सोडा मामा. मेडिकलच्या दुकानात गोळ्या विकत बसले असते, त्यापेक्षा हे बरं आहे. खरंच. पण अण्णा आता माझ्याकडंच असतात. ऐंशीच्या वर आहेत. रोज चारला इथं येऊन बसतात, त्या खुर्चीत. मी रिपोर्टवर सही करायला घेतली की काय म्हणतात सांगू?”

“काय?”

“‘वैशे, एकदा परत बघ. बारावीला चुकली व्हतीस.’” तिने वडिलांचा आवाज हुबेहूब काढला. “गिऱ्हाइकांसमोर. हजारोंनी रिपोर्ट दिले असतील मी. प्रत्येकाला एकदा परत बघ. त्यांचं प्रेम आहे, काळजी आहे, सगळं कळतं. पण कागदावर सही बघितली व्हती ना त्यांनी. मी किती वेळा सांगितलं, अण्णा, मामा खोटं बोलले. म्हणतात, सही कोण खोटी करतंय?”

“मी येतो घरी,” मी म्हटलं. “आत्ता येतो. त्यांचे पाय धरतो.”

“अजिबात येऊ नका.” ती एकदम कडक झाली. “तुम्ही आलात की ते उठून पाणी देतील. चहा ठेवायला लावतील. तुम्ही रडाल. ते म्हणतील, जाऊ द्या राव, व्हतं आसं. आणि तुम्ही गेलात की म्हणतील, माणूस देव हाय, आपल्या पोरीची चूक सोताच्या अंगावर घेतली. मला ते नको.”

हे मला सुचलं नसतं. पण अण्णा ज्यांनी एकदा बघितले आहेत त्यांना पटेल.

“मग काय करू?”

“लिहा. तुम्ही लिहून खोटं बोललात, आता लिहूनच खरं करा. सही करून. छापून आलं तर लई बरं. छापलेलं ते खरं मानतात. दिवाळीला चार अंक घेतात, जाहिरातींसकट वाचतात.”

“या अंकात लिहायला सांगितलंय मला,” मी म्हटलं. “गमती मागितल्यात.”

“मग गमती पण लिहा,” ती म्हणाली. “त्यांना आवडतात.”

निघताना मी विचारलं, पाण्याचा रिपोर्ट कधी मिळेल? म्हणाली, उद्या चारनंतर या. मग आठवून म्हणाली, “चारच्या आधी या.”

तर गमती वर लिहिल्या आहेत. खाली जबाब देत आहे. अण्णांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून संपादकांनी एवढा मजकूर मोठ्या टायपात छापावा ही विनंती.

मी, त्या वेळचा प्रयोगशाळा परिचर, राहणार निमगाव सावा, सहीनिशी लिहून देतो की बारावीच्या त्या प्रात्यक्षिक परीक्षेत पोटॅशियम परमँगनेटच्या दोन लिटर द्रावणात मी कुणालाही न विचारता अर्धा लिटर पाणी घातले. परीक्षकांनी विचारल्यावर मी खोटे बोललो. प्राचार्यांनी लेखी मागितल्यावर खोटे लिहून दिले. त्या कागदावरची सही माझी आहे आणि तो कागद चुकीचा आहे. पंचवीस मुलांपैकी चोवीस जणांनी लिहिलेला आकडा चुकीचा होता, तो मी त्यांना सांगितला होता. त्यांतल्या एका डॉक्टरांकडून मी रक्तदाबाची गोळी घेतो, ती मात्र बरोबर असते. पंचविसावी कु. वैशाली, बोरी बुद्रुक, हिने स्वतः प्रयोग करून साडेबारा हा आकडा आणि शून्य पूर्णांक शून्य आठ हे उत्तर काढले. ते बरोबर होते.

हे मी चूक अंगावर घेण्यासाठी लिहीत नाही. चूक माझीच आहे. अण्णांनी टाकीवर आयुष्य काढले आहे, त्यांना पाणी वाढलेले कळते. त्यांनी पेन घेऊन पडताळून पाहावे.

आधी : ०.१ × २ लिटर = ०.२
नंतर : ०.०८ × २.५ लिटर = ०.२

दोन्हीकडे सारखेच येते. अण्णा, पोरगी चुकली नव्हती. परत बघायची गरज नाही.